फाट्यावर ठेवलेली वहाण

मी एक जुनी वहाण आहे, मित्रांनो, डाव्या पायाची. किती जुनी ते विचारू नका. वर्षं ध्यानात ठेवायची ती डोक्यानं. आम्हा पायातल्यांच्या ध्यानात राहते ती फक्त वाट. आणि वाट इतकी झाली आहे, की आता ती आठवायचीसुद्धा दमणूक होते. टाच झिजून पापडासारखी झाली आहे. अंगठा जागोजागी शिवलेला आहे. मी बोलता बोलता मध्येच थांबले तर रागावू नका. चालणाऱ्यांचं तसंच असतं. थोडं चालायचं, थोडं टेकायचं.

वहाण होण्याआधी मी एका बैलाची पाठ होते. त्या पाठीवर ऊन होतं, जुवाचा घट्टा होता, एका पावसाळ्यात बसलेल्या कावळ्याच्या चोचीची खूण होती. म्हणजे बघा, जन्माला येण्याआधीच मी दमलेली होते. मग चुन्याचं पाणी आलं, बाभळीच्या सालीचं लाल पाणी आलं, आणि बैलपण माझ्यातून निघून गेलं. सांगोल्याच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला, कुंडलिक नावाचा जोडे शिवणारा बसत असे. त्याच्या रापीखाली आम्ही दोघी बहिणी एका कातड्यातून निघालो. डावी मी, उजवी ती.

आम्हाला करायला सांगितलं होतं येडूनं. येडू हा तात्याबा धनगरांचा मुलगा. तो आला तेव्हा त्याच्या काठीला सुतळीचा तुकडा गुंडाळलेला होता आणि त्या सुतळीला एक गाठ होती. तेवढं त्याच्या बायकोच्या पावलाचं माप. कुंडलिकनं सुतळी हातावर धरली आणि हसला.

"पायताण बायकूला? तुज्या आबाला ठावं हाय का?"

येडू खाली मान घालून म्हणाला, "आबाच्या पायात न्हाई मोडला काटा. हिच्या मोडलाय."

कुंडलिकनं आम्हाला जाड दुहेरी तळ लावला, करडईच्या तेलात रात्रभर भिजवून ठेवलं, आणि न सांगता दोघींच्या पट्ट्यावर लाल लोकरीचा एकेक गोंडा बसवला.

त्या बायकोचं नाव राजाबाई. बाभळीचा काटा तिच्या डाव्या टाचेत मोडून आत राहिला होता आणि त्याचं कुरूप झालं होतं. म्हणून ती डावं पाऊल जरा तिरकं टाकी. पहिल्यांदा तिनं मला पायात घातलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, मी टोचले की काय. मग कळलं, की टोचलं नाही म्हणून तिनं डोळे मिटले होते.

पण आमचं पायात असणं ही उघड गोष्ट नव्हती. सुनेनं सासऱ्यासमोर पायात वहाण घालायची नाही, अशी त्यांच्यात रीत. गाव आलं, चावडी आली, की राजाबाई आम्हाला काढून हातात घेई, पदराखाली झाकी आणि अनवाणी पुढं जाई. संध्याकाळी तात्याबा यायच्या आत आम्ही घोडीच्या खोगिरामागे लपलेल्या असू. तात्याबांना आम्ही ठाऊक होतो, पण आम्हाला त्यांनी पायात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिलं नाही तोवर आम्ही नव्हतोच, असं सगळ्यांनी मानलं होतं.

तुमचा वाडा दगडमातीचा असतो, मित्रांनो. धनगरांचा वाडा पायावर चालतो. त्यांचं बिऱ्हाड, त्यांची मेंढरं, त्यांची घोडी, असं सगळं मिळून जे निघतं त्यालाच ते वाडा म्हणतात. दिवाळी झाली, की सांगोल्याकडचा माळ वाळून कोळसा होतो. मग निघायचं. वेळापूरच्या बाजूनं वर नदीकाठाला, जिथं पिकं निघालेली रानं असतात आणि शेतकरी म्हणतात, बसवा तुमची मेंढरं, होऊ द्या खत. ते थेट मिरगाच्या तोंडावर परतायचं.

आणि चालायची रीत अशी. सकाळी उठलं की वाड्याचे दोन भाग होत. तात्याबा आणि येडू मेंढरं घेऊन आडरानानं, चारत चारत निघत. सोबत चारदोन शेरडं असत. ती आगाऊ, कायम पुढं. बायका घोडी घेऊन रस्त्यानं जात. तात्याबांच्या बायको केराबाई आणि सून राजाबाई. घोडीवर पीठ, भांडी, मेंढरं कोंडायचं जाळं, आणि दोन बाजूंना दोन डालग्यांत नुकती जन्मलेली कोकरं. कोकरांना दिवसभराचं चालणं झेपत नाही. म्हणून लेकरं बायकांबरोबर आणि आया पुरुषांबरोबर. संध्याकाळी ठरलेल्या तळावर दोघांची गाठ पडली, की मेंढ्या धावत येत, कोकरं धावत जात, आणि वर आभाळ असून घराचा आवाज होई.

गाठ पडली नाही, तर कोकरं उपाशी राहत. तान्ह्या कोकराला एक रात्र उपाशी काढणंसुद्धा भारी पडतं, थंडी असली तर फारच.

म्हणून फाटा आला की खूण ठेवायची. दोन वाटा फुटत असतील तिथं झाडाचा डहाळा मोडायचा, ज्या वाटेनं आपण गेलो तिकडं त्याचा शेंडा करायचा, बुडख्यावर दगड ठेवायचा. मागून येणारे पुरुष तो डहाळा बघून वळत. हे काम बायकांतल्या सगळ्यात धाकटीचं. म्हणजे राजाबाईचं.

चालताना ती गुणगुणत असे. मला ते पावलातून ऐकू येई.

*माझ्या गं पाउलाला वाट सांगती हळू बाई,*
*टेक जरा, टेक जरा, गाव पळून जात न्हाई.*

त्या वाटेनं मला पुष्कळ शिकवलं. चढ माणसाला दमवतो, पण वहाणेचा अंगठा तुटतो तो उतारालाच. दुरून दिसणारं झाड कधीच वाटतं तितकं जवळ नसतं, म्हणून त्याच्याकडे बघून पाणी संपवायचं नाही. कळप सगळ्यात लंगड्या मेंढीच्या चालीनं चालतो. तिला मागं टाकून पोचलेल्याला पोचलेला म्हणत नाहीत. हे कुणी मला समजावून सांगितलं नाही. तळव्याखालून आलं आणि आत राहिलं, त्या काट्यासारखं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ते सांगायलाच बसले आहे.

वेळापूरच्या अलीकडे एका माळावर असाच एक फाटा होता. उजवी वाट एका गावतळ्याकडे जाई. तिथं दर साली आमचा तळ पडे. डावी वाट लांबची, खड्यांची, नदीकडे जाणारी. एका साली पाऊस ओढला होता. फाट्यावर समोरून आलेल्या गाडीवाल्यानं सांगितलं, तळं कोरडं ठाक पडलंय, चिखलसुद्धा राहिला नाही. केराबाईंनी घोडी डावीकडे वळवली आणि राजाबाईला म्हणाल्या, डहाळा ठेवून ये. त्या पुढं गेल्या. राजाबाईनं कडुलिंबाचा चांगला पानांचा डहाळा मोडला, शेंडा नदीकडे केला, वर दगड ठेवला. मी त्या वेळी तिच्या पायात होते. मी सांगते, तिनं ठेवला.

त्या संध्याकाळी पुरुष आलेच नाहीत. ते उजवीकडे कोरड्या तळ्यावर गेले होते. रात्रभर कोकरं ओरडत राहिली. आधी मोठ्यानं, मग बारीक. राजाबाईनं बोट पाण्यात बुडवून त्यांच्या तोंडात घातलं, कोकरांनी ते चोखलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर येडू शोधत आला तेव्हा काही कोकरं उठत नव्हती. मेंढ्यांच्या कासा दगडासारख्या झाल्या होत्या, आणि त्या मेलेल्या कोकरांना हुंगून हुंगून परत ओरडत होत्या.

फाट्यावर नुसता दगड होता, डहाळा नव्हता, असं तात्याबा म्हणाले. ठेवला होता, असं राजाबाई म्हणाली. तात्याबांनी आवाज चढवला नाही. ते एवढंच म्हणाले, "ठेवला आसता तर दिसला आसता की." आणि ताटावरून उठले.

त्यानंतर वर्षभर कुणी तिला फारसं बोललं नाही. पण फाटा आला की आता डहाळा ठेवायला केराबाई स्वतः गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकत. ते बोलण्याहून वाईट होतं. येडूचा तिच्यावर विश्वास होता की नव्हता, ते मला कधी कळलं नाही. तो गप्पच असे. वाटेवर राजाबाईच्या ओव्या बंद झाल्या. दिवसभर नुसतं पाऊल वाजे, एक सरळ, एक तिरकं.

पुढच्या साली निघाल्यावर एका तळावर असं झालं. केराबाईंनी पाण्याच्या घागरीवर लिंबाचा डहाळा झाकण म्हणून घातला आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवला. थोड्या वेळानं घागरीवर दगड होता, डहाळा नव्हता. आणि शेजारी म्हातारी काळी शेळी तोंड हलवत उभी होती, दाढीला एक पान चिकटलेलं. राजाबाई बघत राहिली. मग ती मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती, ते वरून दिसलं असेल. मला तिच्या पावलांचा फक्त कंप कळला. पुरुषांच्या पुढं चालतात ती शेरडं. खूण ठेवली ती त्यांच्याच तोंडासमोर, आणि तीही लिंबाची. इतक्या पिढ्या वाट चालणाऱ्या माणसांच्या हे कसं ध्यानात आलं नाही? कदाचित चारा भरपूर असलेल्या सालात शेरडं डहाळ्याकडे बघतसुद्धा नसतील. ते साल तर उपासाचं होतं.

तिनं ते केराबाईंना सांगितलं. केराबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आसंल गं, तसंच आसंल. पर आता मेलेली कोकरं काय उठून बसत्यात व्हय? ह्यांच्याम्होरं बोलू नगंस. शेरडावर घालती म्हनतील."

मग तोच फाटा आला.

ऊन उतरायला अजून वेळ होता. केराबाईंचे गुडघे त्या सकाळपासून सुजले होते, म्हणून त्या घोडीच्या दोरीला धरूनच चालत होत्या. डालग्यांत या सालची कोकरं होती. गेल्या सालचं नुकसान भरून यायचं ते यांच्यावरच. फाट्यापाशी एक माणूस दूर उभा राहून हात हलवत होता, जवळ या म्हणून नव्हे, थांबा म्हणून. तो सिद्धनाथ, दुसऱ्या वाड्यातला धनगर, तात्याबांच्या ओळखीचा. तो तिथूनच ओरडून म्हणाला, "तळ्यावर जाऊ नगा. आमच्या मेंढरास्नी देवी आल्यात. निम्मी पडल्यात."

मेंढरांची देवी म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं, मित्रांनो. एका मेंढीला आली की कळप जातो. कळप गेला की वाडा जातो. मग उरतात ती नुसती चालणारी माणसं, ज्यांना कुठंच जायचं नसतं.

केराबाईंनी त्याला विनवलं, की बाबा, आमची माणसं मागनं येत्यात, तूच जाऊन सांग. सिद्धनाथनं मान हलवली. "मी गेलो आसतो, वैनी. पर माज्या घोंगड्याला काय चिकटलंय ते मला कुटं ठावं? तुमच्या कळपात मीच घिऊन जायाचा." आणि तो माळावरून वेगळ्याच दिशेनं, कुणाच्याही वाटेवर न येता, निघून गेला.

दोघींपैकी एकीनं फाट्यावर थांबावं, तर सुजल्या गुडघ्यांनी केराबाईंना घोडी, कोकरं आणि जाळं आवरणार नव्हतं. आणि केराबाईंना त्या उघड्या माळावर ठेवून राजाबाई जाणार नव्हती. केराबाईंनी सुनेकडे पाहिलं. या वेळी खाली वाकायला त्यांचे गुडघे तयार नव्हते.

"डहाळा ठेव," त्या म्हणाल्या आणि घोडी घेऊन डावीकडे चालू लागल्या. 

राजाबाईनं डहाळा मोडला. ठेवला. दगड ठेवला. चार पावलं गेली आणि उभी राहिली. परत आली. डहाळ्याकडे बघितलं. दगडांची रास करावी, तर त्या माळावर दगडांखेरीज दुसरं काही नव्हतंच. मातीत रेघ ओढावी, तर खुरांनी पुसली जाणार. लुगड्याची चिंधी बांधावी, तर शेरडं चिंधीही खातात. तिनं आपल्या अंगावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, आणि ती नजर माझ्यावर येऊन थांबली.

तिचा हात आधी उजव्या वहाणेकडे गेला होता. उजवा पाय धड होता, तो अनवाणी चालला असता. पण जायचं होतं डाव्या वाटेनं. डावी वाट, तर डावी वहाण. बघणाऱ्याला शंका राहायला नको. तिनं मला काढलं, डहाळ्याशेजारी ठेवलं, बोटं नदीकडे, टाचेवर दगड. उलटी होणार नाही एवढी काळजी घेतली, कारण उलट्या वहाणेनं भांडण लागतं म्हणतात, आणि भांडण तर आधीच घरात येऊन बसलं होतं. सासऱ्याच्या वाटेवर सुनेची वहाण. दुसरा कुणी असता तर त्यानं ती काठीनं उडवून दिली असती.

राजाबाई गेली. मी तिची पावलं ऐकत राहिले. एक वहाणेचं, एक मातीचं. एक वहाणेचं, एक मातीचं. मग तेही ऐकू येईनासं झालं.

जन्मल्यापासून मी एकटी कधी नव्हते, मित्रांनो. लपवलं तरी दोघींना एकत्र लपवलं जाई. त्या दिवशी मला कळलं, की चालणं सोपं असतं. एका जागी पडून राहून दुसऱ्याची वाट दाखवणं, हे फार दमवणारं काम आहे. ऊन माझ्या अंगठ्यावरून पट्ट्यावर आलं, पट्ट्यावरून टाचेवर गेलं. एक मुंगी गोंड्यात शिरली आणि बाहेर आली. बस्स, तेवढंच घडलं.

मग जमीन थरथरली. बारीक खुरांचा आवाज. सगळ्यांच्या पुढं ती म्हातारी काळी शेळी. ती सरळ आली, तिनं दगडाखालचा डहाळा एका हिसड्यात ओढून काढला आणि चावायला लागली. तो संपल्यावर ती माझ्याकडे वळली. तिचा गरम, आंबट श्वास माझ्यावर आला. तिनं माझा गोंडा तोंडात घेतला, चावला आणि थुंकला. करडईचं जुनं तेल तिला आवडलं नसावं. त्या तेलाबद्दल मी कुंडलिकची आजही आभारी आहे.

मी वर बघितलं तेव्हा तात्याबा उभे होते.

ते डहाळा खाताना बघतच आले होते, की माझ्यापर्यंत पोचल्यावर त्यांनी ते पाहिलं, मला सांगता येत नाही. शेळीच्या तोंडात अजून अर्धी काडी होती. तात्याबा त्या काडीकडे बघत होते. पुष्कळ वेळ बघत होते. मागून कळप येऊन त्यांच्याभोवती साठला, त्यातून वाट काढत येडू आला, आणि मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"आबा, ती..."

"वळखतो," तात्याबा म्हणाले.

ते उकिडवे बसले. म्हातारे झाले होते, हाडं वाजली. त्यांनी माझ्या बोटांपुढून डाव्या वाटेकडे नजर टाकली, मग उजव्या वाटेकडे. उजवी वाट जवळची, ओळखीची, मऊ मातीची. डाव्या वाटेवर खडे आणि सराटे. धुळीत पावलं उमटली होती. एक वहाणेचं. एक अनवाणी, तिरकं.

तात्याबांनी दगड बाजूला केला, मला उचललं, झटकलं आणि हातात धरलं. येडूनं हात पुढं केला, द्या आबा, मी घेतो, म्हणाला. तात्याबांनी नुसतं असू दे म्हटलं आणि कळपाला डावीकडे वळवलं.

पुढं एका रानात मोटेवर काही शेतकरी होते. फेटा बांधलेला, पांढऱ्या मिशांचा धनगर बाईची गोंड्याची वहाण हातात घेऊन चाललाय, हे बघून त्यांना राहवलं नाही. एकानं मोट थांबवून विचारलं, "तात्याबा, सुनंचं पायताण घिऊन कुटं निगालासा? जोडा हरवला का जोडीदार?" बाकीचे खिदळले. तात्याबा थांबले नाहीत. चालता चालता म्हणाले, "वाट तीच दावतीया. मी मागनं चाललोय." आणि कुणी पुन्हा हसायच्या आत पुढं निघून गेले.

तिकडं नदीकाठी, मला नंतर बहिणीनं सांगितलं, जाळं बांधून झालं होतं. कोकरं ओरडत होती. केराबाईंना कळलं होतं सगळं. त्यांनी सुनेची एकच वहाण बघितली होती. सासऱ्याच्या वाटेवर पायताण ठेवून आलीस, आता काय बोलतील ते मुकाट्यानं ऐकून घे, असं त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या, पण त्यांचा आवाज रागाचा नव्हता, भीतीचा होता. राजाबाई नदीकडे पाठ करून वाटेकडे बघत होती. कळप आला तर बोलणी खायला तयार होती. आला नाही तर कुठली बोलणी, नि कुठला वाडा.

आधी मेंढ्यांनी ऐकलं. त्यांचे कान उभे राहिले, आणि मग काठी, माणूस, वाट, काही न मानता त्या सुटल्या. कोकरं डालग्यांतून उड्या मारून पालथी पडली आणि तशीच धावली. कोण कुणाचं, ते त्यांनी आवाजावरून, वासावरून शोधलं. हळूहळू ओरडणं कमी झालं आणि चुटूचुटू दूध पिण्याचा आवाज सगळीकडे सुरू झाला. मी पुष्कळ आवाज ऐकले आहेत, मित्रांनो. देवळांच्या घंटा ऐकल्या, आणि पुढं सोलापुरात गिरणीचा भोंगा रोज ऐकला. त्या आवाजाइतका गोड दुसरा नाही.

राजाबाईनं पदर पुढं ओढला आणि उजवी वहाण पटकन काढून मागं लपवली. तिचा डावा पाय चिंधीनं बांधलेला होता, आणि चिंधी लाल झाली होती.

तात्याबा तिच्यासमोर आले. दोन हात अंतरावर थांबले. त्यांनी मला खाली ठेवलं, नीट, सरळ, बोटं तिच्याकडे न करता बाजूला करून.

"डहाळा शेरडानं खाल्ला," ते म्हणाले. "म्या बगितलं. गेल्या सालचा बी त्यानंच खाल्ला आसंल."

राजाबाईनं मान वर केली नाही.

"घाल पायात."

ती हलली नाही. केराबाईही हलल्या नाहीत. त्यांच्या वाड्यात असं कुणी कुणाला कधी म्हटलं नव्हतं.

"माज्याम्होरं घाल, राजा. उद्यापास्नं घालूनच चालायचं. गाव येऊ दे न्हाय तर चावडी येऊ दे."

तिनं पाय पुढं केला. पण पाऊल इतकं सुजलं होतं, की अंगठ्यात बोट जाईना. तिनं पुन्हा प्रयत्न केला, आणि मग तिला रडू आलं. वर्षभराचं होतं ते. तेव्हा केराबाई, सुजल्या गुडघ्यांच्या, जमिनीवर बसल्या. त्यांनी सुनेचं पाऊल मांडीवर घेतलं, चिंधी सोडली आणि सुईनं एकेक सराटा काढायला लागल्या. काढता काढता त्यांना टाचेतला तो जुना काटाही सापडला. मी बाजूला पडून होते. मला घालायला दोन दिवस लागले. त्याचं मला काहीच वाईट वाटलं नाही.

पुढच्या बाजाराला तात्याबांनी कुंडलिककडून केराबाईंसाठीही जोड आणला. केराबाईंनी तो हातात घेऊन पाहिला, वास घेतला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, "आता काय घालू? माजे पायच पायताण झाल्यात." पण रात्री तो जोड त्या उशाशी घेऊन झोपत.

आणखी किती वर्षं चालले, कोण जाणे. तळ झिजले, नवे लावले, तेही झिजले. माझी उजवी बहीण एका मिरगात नदी उतरताना पुराच्या पाण्यात गेली. राजाबाई काठावर उभी राहून हाका मारत होती, जणू वहाण हाकेला परत येते. पुढं दोन साल ओळीनं पाऊस गेला, मेंढरं विकली गेली, आणि येडू गिरणीत लागला. आता आम्ही सोलापुरात एका खोलीत राहतो. इथं वाटा आखलेल्या आहेत, फाट्याफाट्यावर पाट्या आहेत, आणि कुणी कुणाची वाट बघत नाही. राजाबाईचे केस पिकले आहेत. मी कोनाड्यात असते. धूळ बसते, उंदीर हुंगून जातात. महिना महिना मला कुणाचा हात लागत नाही. मला त्याची तक्रार नाही. मी दमले आहे, आणि पडून राहणं मला येतं.

शेजारच्या शिवम्मानं एकदा मला बघून विचारलं, की एकच वहाण ठेवून काय करायचं, टाकून द्या की. राजाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ती एकटी ऱ्हायला शिकलीया."

मित्रांनो, तुमच्या वहाणा दारात भिरकावू नका. दोघींना जवळ ठेवा. दिवसभर त्या एकमेकींच्या पुढंमागंच असतात, त्यांना टेकायला तेवढाच वेळ मिळतो. त्यांचा टाका सुटला तर वेळीच शिवून घ्या. अनवाणी कुणी दिसलं तर त्याच्या पावलाकडे एकदा बघा, त्यात काही मोडलेलं असतं.

आणि पुढं चालत असाल, तर मागच्यांसाठी खूण ठेवून जा. डहाळा मोडायला काही लागत नाही. म्हणून तो वाऱ्यानं उडतो, शेरडं खातात, आणि ठेवणारा म्हणत राहतो की मी ठेवला होता. ठेवायचंच असेल, तर असं काही ठेवा, की जे ठेवून आल्यावर पुढच्या प्रत्येक पावलाला तुम्हाला टोचेल. मागून येणारा तेवढंच बघून वळतो.